तळ्याचं शेवटचं दार

दार नीट लावा रे आधी. फट राहिली तर माझ्या पाठीला लागते, तुमचं काय जातंय. आणि चुलीत एक लाकूड सरकवा. थांबा, त्याआधी धिरड्याचा तुकडा टाका आगीत. आगीला उपाशी ठेवून असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, एवढं तरी तुमच्या आयांनी शिकवलं असेल. ते फोन ठेवा खाली. गोष्ट ऐकायची तर अंधारात ऐकायची, नाहीतर सरळ जाऊन झोपा, माझी काही बळजबरी नाही.

ही ओग्दोची गोष्ट. ओग्दो माझ्या चांगल्या माहितीतली. तिच्या वारलेल्या नवऱ्याबरोबर, मीतेरेईबरोबर, मी कितीतरी उन्हाळे गवत कापलंय. तिनं स्वतःच्या तोंडानं मला हे सांगितलं. आणि ओग्दो भांडते, टाकून बोलते, पण खोटं बोलत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. अठरा जानेवारीची रात्र. म्हणजे जुन्या नाताळापासून, सात जानेवारीपासून, सुरू झालेल्या दिवसांतली शेवटची. थंडी उणे चोपन्न. थुंकी जमिनीवर पडायच्या आत टक् वाजत होती.

त्या दिवशी दुपारी, सूर्य जंगलावर जेमतेम डोकं काढून पुन्हा खाली जायच्या बेतात होता, तेव्हा ओग्दो रोजच्यासारखी गाई घेऊन तळ्यावर गेली. सात गाई. कासांना केसाळ कातड्याच्या पिशव्या बांधलेल्या, नाहीतर सड गोठून गळून पडतील. एकामागून एक चालत होत्या, वाट त्यांना पाठ. सगळ्यांत पुढे मिचिल, पोटात वासरू असलेली, आणि त्यामुळे भाव खाणारी.

तळ्याला आपण नावानं हाक मारत नाही. आजी म्हणतो. तर आजीच्या अंगावर तेव्हा कंबरेइतका जाड बर्फ होता, आणि त्यात ओग्दोचा पाणवठा खणलेला. होडीसारखा लांबट, कडेला राख टाकून खरबरीत केलेला, म्हणजे गाईंचे पाय घसरू नयेत. रात्री त्यावर फळ्या टाकायच्या, वर गवत, वर बर्फाचा ढीग. तसं केलं की पहाटे नुसता पापुद्रा धरतो. दोन टोले घातले की फुटतो. झाऱ्यानं तुकडे काढले की झालं.

काठावर लेगेन्तेई उभा होता. मीतेरेईचा चुलतभाऊ. म्हणजे ओग्दोचा दीर, आणि दीर-भावजयीचं जसं असतं तसं त्यांचं, भेटले की टोमणे.

"वहिनी, गाईंना लंगोट छान शिवलेत या वर्षी," तो म्हणाला.

"तुमचंही माप द्या, भावजी. उरलंय कातडं."

लेगेन्तेई हसला. मग हसू आवरून म्हणाला, "आज पाणवठा झाकू नकोस हं."

"का? आजीला उकडतंय?"

"चेष्टा नको. आज कुठली रात्र आहे, माहीत आहे ना?"

"आहे. उणे चोपन्नची."

आता तुम्हा शहरातल्यांना सांगायला हवं. जुन्या नाताळाला पाण्यातले लोक वर येतात. सुल्लुकून. आपल्यासारखेच दिसतात म्हणे, फक्त भुवया नसतात. ओस पडलेल्या घरांत राहतात, पत्ते कुटतात, त्यांचीही बायकापोरं असतात, गुरंढोरं असतात. आणि या शेवटच्या रात्री सगळा बाडबिस्तरा आवरून परत पाण्यात जातात. जायचं कुठून? माणसांनी बर्फात केलेल्या पाणवठ्यांतून. म्हणून त्या एका रात्री पाणवठा झाकायचा नाही. आज्यापणज्यांपासूनचा रिवाज आहे.

"मीतेरेई दरवर्षी उघडा ठेवायचा," लेगेन्तेई म्हणाला.

"मीतेरेईचे खांदे बैलाचे होते. उघड्या पाणवठ्यावर रात्रीत वीत-दीड वीत बर्फ चढतो. तो फोडायचा आणि वर घरी येऊन मलाच विचारायचा, चहा अजून झाला नाही का म्हणून. माझा हा खांदा बघा. गवताच्या गंजीवरून पडले तेव्हापासून केस विंचरायला वर जात नाही."

"मग सकाळी मी फोडून देतो."

"कशानं, दातांनी? तुम्ही तर पहारसुद्धा गुरांबरोबर विकलीत."

विकली होती खरी. त्यानं एकट्यानंच नाही, सगळ्यांनीच. एकेकाळी या तळ्यावर घरागणिक पाणवठा होता. दुपारी निम्मं गाव तळ्यावर असायचं, गाईंची भांडणं वेगळी आणि बायकांची वेगळी. मग एकेकानं गुरं काढली. पोरं शहरात गेली, गवत कापायला माणूस मिळेना, दूध दुकानात खोक्यातून मिळू लागलं. त्या हिवाळ्यात अख्ख्या तळ्यावर पाणवठा उरला होता एक. ओग्दोचा.

आणि दुसऱ्यानं बर्फ फोडून देणं तिला चालण्यासारखंच नव्हतं. तिचा मुलगा आयसेन शहरात असतो. खांदा दुखावल्यापासून रोज फोनवर एकच पालुपद, आई, गाई विक आणि इकडे ये. शेवटी वैतागून ओग्दोनं त्याला शब्द दिला होता. ज्या दिवशी माझ्या गाईंना माझ्या हातानं तळ्यावर पाणी पाजता येणार नाही, त्या दिवशी गिऱ्हाईक घेऊन ये. मी एक अक्षर बोलणार नाही.

शब्द देताना रागात दिला होता. पण दिला होता. आणि आयसेन काही विसरणाऱ्यातला नव्हता.

"त्यांना घरी जायचंय, वहिनी," लेगेन्तेई पुन्हा म्हणाला.

"मग जाऊ देत. मी काय मांडव घालू? दुसरं तळं बघा म्हणावं." ओग्दोनं मिचिलच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही आपल्या दारांवर फुल्या काढा, भावजी, आणि लवकर झोपा."

"घराच्या दारावर काढली. गोठ्याला कशाला? आत उंदीरसुद्धा नाही."

अंधार पडता पडता ओग्दो पाणवठा झाकायला पुन्हा गेली. एकटी. एका हातात पहार, बगलेत गवताची पेंढी. हातमोज्यात कोळशाचा तुकडा, कारण नुकत्याच तिनं घराच्या आणि गोठ्याच्या दाराखिडक्यांवर फुल्या काढल्या होत्या. ते लोक जाता जाता घरात शिरू नयेत म्हणून काढतात ना, तशा.

तिनं धिरड्याचे तुकडे पाण्यात सोडले. "आजी, रागावू नकोस. सात तोंडं आहेत माझ्यामागं." मग फळ्या टाकल्या. आणि फळ्यांवर गवत टाकायच्या आधी, हातात कोळसा होताच, म्हणून फळ्यांवरही एक फुली काढली. चांगली मोठी. म्हणजे आतून कुणी वर यायला नको.

इथं चुकली ती. आलं का कुणाच्या लक्षात? नाही ना. तिच्याही नाही आलं.

रात्री जेवण झालं. गोठलेल्या माशाचे काप आणि दुधाचा चहा. झोपायच्या आधी ती गोठ्यात गेली, रात्रीचं गवत टाकायला. गोठा उबदार होता, शेणानं जाड लिंपलेला. मिचिलपुढं पाण्याची बादली होती, गाभण म्हणून तिचे जास्तीचे लाड. ओग्दोनं दिवा लावला.

सातही गाई उभ्या होत्या. तळ्याच्या बाजूच्या भिंतीकडे तोंडं करून.

कुणी रवंथ करत नव्हतं. कान सगळ्यांचे पुढे. ओग्दोनं गवत टाकलं, एकीनंही मान वळवली नाही.

"काय गं, काय झालं?"

तेव्हा तिला बाहेर हंबरणं ऐकू आलं.

लांबून. तळ्याच्या बाजूनं. आधी एक, मग खूप. गावात तिच्याशिवाय गाई कुणाकडे नव्हत्या, आणि तिच्या सातही डोळ्यांपुढे उभ्या होत्या. ओग्दोचा जन्म गोठ्यात गेलेला. भुकेलं हंबरणं वेगळं, वासरासाठीचं वेगळं, हे तिला झोपेतसुद्धा कळतं. हे तहानेचं होतं.

त्यात मध्येच लहान पोरांचं रडणं. घसरगाड्यांची करकर. पण एवढ्या थंडीत बर्फावर एक पाऊल पडलं तरी अर्ध्या गावाला ऐकू जातं. पावलं मात्र एकाचीही वाजत नव्हती.

आवाज जवळ आले. गोठ्याच्या दाराशी आले. आणि थांबले.

"घरधनीण..."

आवाज पुरुषाचा. सभ्य. ओग्दोनं पहार उचलली आणि दार हातभर उघडलं.

एक माणूस उभा होता. जुन्या पद्धतीचा लांब कोट, कातडी टोपी. हातात चाबूक. दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या पापण्या, भुवया अशा वेळी पांढऱ्याफेक होतात. याच्या पापण्या कोरड्या. तोंडातून वाफ नाही. आणि भुवया...

भुवया नव्हत्या.

ओग्दो मला म्हणाली, पहार हातात होती, म्हणून उभी राहिले.

"दारावर फुली आहे," तो म्हणाला. "आत येता येत नाही."

"त्याचसाठी काढलीय."

"ही राहू दे. दुसरी पूस."

"कुठली दुसरी?"

त्यानं नुसतं तळ्याकडे बघितलं.

आणि तेव्हा ओग्दोच्या डोक्यात प्रकाश पडला. फुली काढली की सुल्लुकून ओलांडू शकत नाही. ती काढायची आपल्या दारावर, ते बाहेर राहावेत म्हणून. पण आज ते बाहेरच होते. सगळेच्या सगळे. आणि हिनं त्यांच्या घराच्या दारावर फुली मारून ठेवली होती. अख्ख्या तळ्याला दार एक, आणि त्याला बाहेरून कुलूप.

"माझी गुरं नाताळापासून प्यायली नाहीत," तो म्हणाला.

"बर्फ पडलाय की सगळीकडे. खाऊ दे."

"तुझ्या गाई बर्फ खाऊन जगतात?"

ओग्दोनं मागं वळून आपल्या सातजणींकडे बघितलं.

"आणि नाही पुसली तर?" तिनं विचारलं.

"तर राहतो. पुढच्या वर्षापर्यंत. तुझ्याकडे. सगळे."

त्याच्या मागच्या अंधारात काहीतरी हललं. खूप काहीतरी.

ओग्दो घाबरली. चांगलीच घाबरली, तिनं ते लपवलं नाही. पण तिचं असं आहे, भीती एका मापाच्या वर गेली की तिचा राग होतो. आधी खांदा, मग आयसेन, मग हा लेगेन्तेई, आणि आता हे पाण्यातले. जो उठतो तो हिलाच सांगतो काय कर ते.

"राहायचं तर राहा," ती म्हणाली. "पण पहाटे शेण उचलावं लागेल. आधीच सांगते. फुकट कुणाला ठेवत नाही मी."

तो हसला नाही. त्यानं चाबकाचं टोक उचललं आणि आत, मिचिलच्या बादलीकडे दाखवलं.

कट्...

उबदार गोठ्यात, डोळ्यांदेखत, बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं. मिचिलनं तोंड खाली घातलं. जीभ लावली. मान वर केली आणि ओग्दोकडे बघितलं.

एवढं मात्र ओग्दोला सहन झालं नाही. तिला काही म्हणा, तिच्या गाईच्या तोंडचं पाणी काढायचं नाही.

"असं आहे होय," ती म्हणाली. कोट चढवला. टोपी बांधली. "चला. पण पुढं मी. आणि अटी माझ्या."

बाहेर धुकं होतं. दाट, न हलणारं. हातातल्या विजेरीचा उजेड दोन पावलांपुढं जाईना. तळ्याच्या उतारावर विजेरी विझली. थंडीत विझतेच.

ती चालत राहिली. पाठीमागे बघायचं नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिच्या पावलांचा आवाज. करर्र. करर्र.

मागे काही नाही.

मग एक पोर खोकलं. मानेच्या अगदी मागे.

ती चालत राहिली.

पाणवठ्याचा ढीग लागला. ओग्दो त्यावर चढली. ढिगावर उभी राहिली, पहार रोवली आणि तशीच, पाठ फिरवून, मोठ्यानं बोलली. ती काय बोलली ते तिनं मला शब्दन् शब्द सांगितलंय.

"ऐका. तुमची गुरं तहानलीत, ते मला कळतं. फुली काढली ती माझी चूक, मी पुसते. पण माझंही ऐका. हा पाणवठा आज उघडा राहिला तर उद्या दगड होईल. मला तो फोडता येणार नाही. मग माझ्या गाई जातील, मी जाईन. मग पुढच्या वर्षी याल तेव्हा काय कराल? कुणाच्या बर्फाला डोकं आपटाल? त्या लेगेन्तेईच्या? तो बर्फ फक्त दारूत टाकतो. एवढ्या मोठ्या तळ्याला एकच दार उरलंय, आणि ते मी राखते. या मोडक्या खांद्यानं राखते. भीक मागत नाही मी. हिशेबाचं बोलते. उद्या माझ्या गाईंना इथं पाणी दिसलं पाहिजे. वाहतं, काळं, उघडं पाणी. नाही दिसलं, तर हे दार शेवटचं समजा. मग बसा वर्षानुवर्षं लोकांच्या ओसाड घरांत पत्ते कुटत."

कुणी बोललं नाही.

ती थांबली. थंडी पायांतून वर चढत होती.

"गप्प बसणं म्हणजे होकार. आमच्यात तरी तसंच असतं."

मग ती खाली वाकली. बर्फ बाजूला केला, गवत ओढलं. हातमोजा काढला आणि तळव्यानं फुली पुसली. कोळसा हाताला लागला. एका हातानं एकेक फळी ओढून काढली. पाण्याची वाफ तोंडावर आली.

ती बाजूला झाली. तळ्याकडे पाठ केली. डोळे मिटले.

आणि ते निघाले.

खुरांचे आवाज. आता वाजत होते. घसरगाड्या. एका बाईचं हळू आवाजातलं पोराला दटावणं. पाण्याचा आवाज, एकामागून एक, पण उडी मारल्यासारखा नाही. गाय पाण्यात तोंड घालते ना, तसा. घोट घेतल्यासारखा. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. चालत होतं... चालत होतं...

मग शांत.

मग... शेवटची खुरं. लहान. हलकी.

ती पाण्यापाशी गेली नाहीत.

ओग्दोच्या मागे येऊन थांबली. तिच्या उघड्या हाताला काहीतरी लागलं. ओलं. गार. खरखरीत. कोळसा लागलेला तळवा... चाटला.

तिनं डोळे उघडले नाहीत.

पाण्यातून कुणीतरी हाक मारली. एकदा. पुन्हा.

लहान खुरं हलली. टक्, टक्, टक्... पाण्याकडे नाही. गावाकडे.

घरी येऊन ओग्दो चुलीपाशी बसून राहिली. हातावरचा कोळसा साफ गेला होता. उघड्या राहिलेल्या हाताचं एक बोटही गोठलं नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं. पाणवठा पुन्हा झाकायला जाण्याची ताकद तिच्यात नव्हती. फोन हातात घेतला, खाली ठेवला. आयसेनला काय सांगायचं ते तिनं मनात ठरवून टाकलं होतं. ये म्हणावं, घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं गाई सोडल्या. सवयीनं कासांना पिशव्या बांधल्या. सवयीनं पहार घेतली, झारा घेतला. मिचिल पुढे. थंडी कालच्याइतकीच होती, तसूभर कमी नव्हती. काठावर लेगेन्तेई आधीच आलेला, खिशात हात घालून. तिला वाटलं, हसायला आलाय.

तो हसत नव्हता. त्यानं नुसतं बोट दाखवलं.

पाणवठा उघडा होता. फळ्या ओग्दोनं टाकल्या तिथंच कडेला पडलेल्या. आणि पाणी काळं, मोकळं, वाफाळतं. त्यावर पापुद्रासुद्धा नव्हता.

मिचिलनं गुडघे जरा वाकवले, तोंड घातलं आणि प्यायला लागली. मग बाकीच्या. ओग्दो बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पापण्यांवरच गोठलं, आणि तिनं लेगेन्तेईवरच राग काढला. "बघत काय उभे राहिलात? माणसं गाईंना पाणी पाजताना कधी बघितली नाहीत?"

त्या हिवाळ्यात पाणवठा एकदाही गोठला नाही. ओग्दोनं तो झाकलाही नाही. आयसेन मार्चमध्ये आला, दोन दिवस राहिला, पाणवठा बघून आला आणि गाईंचा विषय न काढता परत गेला. हे मी स्वतः बघितलंय. पण गोष्ट तिथं संपत नाही.

त्याच सकाळी, गाई पीत असताना, लेगेन्तेई हळूच म्हणाला, "वहिनी, इकडे ये जरा."

पाणवठ्याच्या काठावर खुरांचे ठसे होते. ओले पाय पडून तिथंच गोठलेले. लहान. वासराचे. रात्री ओग्दो उभी होती तिथून निघून तळ्याच्या काठावर, काठावरून उतार चढून गावात. दोघं त्या ठशांमागून गेले. ओग्दोच्या गोठ्यापाशी ठसे थबकले होते. तिथं फुली होती. तिथून वळले, लेगेन्तेईच्या अंगणात. त्याच्या गोठ्याच्या दारापर्यंत.

फुली नसलेल्या, रिकाम्या गोठ्याच्या.

"मी... दार उघडलं नाही अजून," लेगेन्तेई म्हणाला.

ओग्दोनं उघडलं. आत अंधार, कोळिष्टकं, दोन वर्षांची धूळ. गव्हाण रिकामी. जनावर कुठंच नाही. पण गव्हाणीपाशी शेण होतं. थोडंसंच. ताजं. त्यातून वाफ निघत होती.

लेगेन्तेई दारातच मागे सरकला.

ओग्दोनं कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "उचला, भावजी. मी त्यांना सांगितलंच होतं, फुकट कुणाला ठेवायचं नाही म्हणून. आणि पाणी कधी दाखवणार त्याला?"

"कुणाला, वहिनी? इथं कुणी नाही!"

"मग तहान लागल्यावर सांगेल तो."

दिवसभर लेगेन्तेई घराबाहेर पडला नाही. संध्याकाळी मात्र लोकांनी त्याला बघितलं. ओग्दोच्या पाणवठ्यावरून बादली भरून तो आपल्या गोठ्याकडे चालला होता, वाकून, कुणाकडे न बघता. बादली त्यानं गव्हाणीपाशी ठेवली आणि पळत घरी आला.

बिनचुलीचा गोठा तो. तिथं रात्रभर ठेवलेली बादली म्हणजे सकाळी बर्फाचा ठोकळा. तडकून फुटायची सुद्धा.

सकाळी त्यानं जाऊन बघितलं. बादली फुटली नव्हती. गोठली नव्हती. तळापर्यंत चाटूनपुसून कोरडी होती.